वैशाखातल्या पणत्या

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे दिवाळीवरच लिहिले पाहिजे असा संपादकांचा आग्रह नसतो; पण "थोडं दिव्यांचं, फराळाचं येऊ द्या," असे ते फोनवर हळूच सुचवतात. वर्षभर या पानावर मी भाजीच्या भावापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत वाटेल ते लिहिते आणि ते बिचारे छापतात. तेव्हा वर्षातून एकदा तरी त्यांचे ऐकायला हवे. म्हणून यंदा पणत्यांवर लिहायचे ठरवले आहे. फक्त या पणत्या कुंभाराकडच्या नव्हेत. त्या ऐन वैशाखात उद्यान एक्सप्रेसने बंगळूरहून आल्या, आणि आल्या आल्या पायांतले बूटही न काढता त्यांनी आमचा फ्रीज उघडून पाहिला.

पणती म्हणजे मातीचा दिवा आणि पणती म्हणजे नातवंडाची लेक. दोन्हींना एकच शब्द कसा, हे भाषापंडितांना विचारावे. मला एवढेच ठाऊक आहे की दोन्हींना तेल लागते आणि दोन्हींकडे घटकाभर दुर्लक्ष झाले की घरात काहीतरी जळते.

आमच्या घरात एरवी आम्ही चौघे. मी पंच्याऐंशी वर्षांची, 'हे' एक्क्याण्णव, मुलगा बासष्ट, आणि सूनबाईंनी नुकतीच साठी गाठलेली. म्हणजे घरात सगळे ज्येष्ठ नागरिकच. दुपारी एक ते चार या वेळात आमची बेल वाजवली तर दार उघडायला कोणी येईलच याची खात्री नाही. नारायण पेठेत जिथे आमचा वाडा होता त्याच जागी आता इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या वाट्याच्या तीन खोल्या आहेत. २०२५ सालच्या मे महिन्यात या तीन खोल्यांत अकरा माणसे राहिली. बंगळूरची नात, तिचे यजमान (ते चारच दिवस होते, त्यांना कचेरी होती) आणि तिच्या दोन मुली. जर्मनीतल्या म्युनिकहून आलेला नातू, नातसून आणि त्यांचा सात महिन्यांचा बाळ. शिवाय माझी लेक कोथरूडहून रोज सकाळी नऊच्या ठोक्याला हजर होई, ती वेगळीच.

नावे मी मुद्दाम देत नाही. मागे एकदा याच पानावर एका जावेचे नाव छापले, तर दोन वर्षे मला त्यांच्याकडून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. तेव्हा थोरली, धाकटी आणि बाळ एवढ्यावर भागवून घ्या.

थोरली नऊ वर्षांची, धाकटीला पाचवे चालू. वडील कानडी असल्यामुळे घरात तीन भाषा. तिकडे वडिलांच्या आजी अजून आहेत. त्यांना मुली मुत्तज्जी म्हणतात आणि मला पणजी. धाकटी घाईत असली म्हणजे मला मुत्तज्जी म्हणते आणि फोनवर तिकडच्या बाईंना पणजी. आम्ही दोघींनीही अजून हरकत घेतलेली नाही. या वयात कोणी हाक मारते आहे हेच पुष्कळ.

पहिला आठवडा आंब्यांत गेला. पेटी पलंगाखाली, त्यामुळे रात्री अंथरुणात पडले की गवताचा आणि आंब्याचा वास. रोज सकाळी 'हे' वाकून एकेक आंबा नाकाशी नेत, कोणता आज, कोणता उद्या ते ठरवीत आणि त्याप्रमाणे वेगळे ठेवीत. धाकटी त्यांच्या मागोमाग जाऊन सगळे आंबे पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लावी. तिची वर्गवारी रंगावर नव्हती; "हे आई, हे बाबा, हे त्यांचं बाळ," अशी होती. त्यामुळे दोन दिवस कच्च्या आंब्यांचा रस निघाला आणि साखर घालून तो निमूटपणे खाल्ला गेला. बाठ्यावरून तर रोज तंटा. अकरा माणसांच्या रसाला बाठे भरपूर असतात, तरी प्रत्येकीला दुसरीच्या हातातलाच बाठा गोड लागतो. हे साठ वर्षांपूर्वीही असेच होते. तेव्हा भांडणारी माझी लेक आता आजी होऊन न्यायनिवाडा करीत होती, आणि तिचा निवाडा नेहमी धाकटीच्या बाजूने पडे. ती स्वतः थोरली होती हे ती विसरली, असे मी मनात म्हटले. पण ती काहीच विसरली नव्हती, हे मला पुढे कळायचे होते.

दुपारी पत्ते. मुलींना पाच-तीन-दोन शिकवायचे काम यांनी घेतले. यांना एका कानाने मुळीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाचे यंत्र ते डाव हरायला लागले की काढून ठेवतात. "हुकूम काय?" असे तीनदा विचारून चौथ्यांदा आपल्याला सोयीचा हुकूम ऐकतात. थोरलीने दोन दिवस हे सहन केले. तिसऱ्या दिवशी तिने पाटीवर खडूने भला मोठा बदाम काढून त्यांच्यासमोर टेकवून ठेवला. एक्क्याण्णव वर्षांत यांना इतके सरळ करणारे माणूस मी पाहिले नव्हते.

वाळवण मी बंद करून दहा वर्षे झाली. सगळे विकत मिळते. पण नातसूनबाई म्युनिकहून यादी घेऊनच आल्या होत्या आणि त्यात पहिले नाव कुरडयांचे होते. मग काय, गहू भिजले. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर साच्यातून पाडायचा. मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि लेक व सूनबाई घाम पुसत ते बजावीत होत्या. शिजलेला गव्हाचा चीक दूध-साखर घालून वाटीत दिला, तेव्हा मुलींनी आधी नाके मुरडली आणि मग पातेले खरवडले. गच्चीवर जुन्या धोतरांवर कुरडया पसरल्या आणि पारव्यांना हाकलायला थोरलीला काठी देऊन बसवले. आमच्या लहानपणी कावळे असत, आता पेठांत पारवेच पारवे. तिने एक पारवा हाकलायचा आणि धाकटीने एक ओली कुरडई तोंडात टाकायची, असा दिवस गेला.

पण या सगळ्यापेक्षा मला पाहण्यासारखी वाटली ती बाळाची आंघोळ, आणि तीही ती घालणाऱ्यामुळे. आंघोळ नातू घाली. तिकडे जर्मनीत मूल झाले की आईबाप दोघांनी मिळून रजा घेतली तर चौदा महिन्यांपर्यंत सरकार भत्ता देते म्हणे. त्यामुळे हा तेहतीस वर्षांचा बाप्या घरी बसून पोर सांभाळीत होता आणि त्याचे त्याला काही वाटत नव्हते. पायांवर पालथे घालून असे सराईतपणे तेल चोळी की कोणा सुइणीनेही मान डोलवावी. 'हे' रोज आंघोळीच्या वेळी स्नानघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसत आणि एक शब्द न बोलता पाहत. आमच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपल्या मुलाला उचलून घेणे हे मोठे निर्लज्जपणाचे समजत. मुलगा झाला तेव्हा हे कचेरीतून आले की हातपाय धुऊन सरळ माडीवर जात. सगळी निजानीज झाल्यावर कंदील बारीक करून पाळण्यापाशी उभे राहत, हे मी झोपेचे सोंग घेऊन पाहिले आहे. आता नातू म्हणाला, "आजोबा, घेता का जरा?" तर यांनी यंत्र कानात नसल्यासारखे केले. चौथ्या दिवशी घेतले. मग खाली ठेवीनात.

रात्री बाहेरच्या खोलीत गाद्याच गाद्या. मुलींना पानशेतची गोष्ट हवी असे. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे, आणि नदी आमच्या वाड्यात आली. माझी लेक तेव्हा वर्षाची होती. मी मागल्या खोलीत कागदपत्रे आणि देव गोळा करीत होते, तेवढ्यात आजेसासूबाईंनी तिला उचलले, नऊवारीच्या पदराने पोटाशी बांधले आणि त्र्याहत्तराव्या वर्षी त्या गुडघाभर पाण्यातून चढाकडे चालत्या झाल्या. आम्ही मागून धावलो. रात्रभर पर्वतीकडच्या एका ओळखीच्यांच्या ओसरीवर बसून काढली, पण पोर त्यांनी कोणाच्या हाती दिले नाही. गोष्ट इथपर्यंत आली की धाकटी झोपलेली असे आणि थोरली विचारी, "आणि ती आजी म्हणजे माझी आजी?" लेक अंधारातून म्हणे, "हो, मीच ती." आणि कूस बदले.

आता मूळ विषयाकडे येते.

पणतवाचे तोंड पाहिले की पणजी-पणजोबांवर सोन्याची फुले उधळायची रीत तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. पणतवाला मांडीवर घेऊन बसायचे, औक्षण करायचे, फुले उधळायची, आणि मग म्हाताऱ्यांना स्वर्गाची वाट मोकळी झाली असे समजायचे. आमच्या घरात अशी सात फुले आहेत. ती १९६३ साली माझ्या मुलाच्या जन्मानंतर आजेसासूबाईंसाठी केली. चीनच्या लढाईनंतरचे ते दिवस. बायकांनी आदल्याच वर्षी संरक्षण निधीला बांगड्या काढून दिल्या होत्या, आणि जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघून चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवायला बंदी आली होती. कितीतरी सोनारांच्या पोटावर पाय आला. सासऱ्यांनी कायद्याला धरून चौदा कॅरटचीच फुले करून आणली. चोवीसांत चौदा भाग सोने, बाकी तांबे वगैरे, रंग तांबूस. आजेसासूबाईंनी एक फूल हातात धरून उन्हात पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे स्वर्गसुद्धा चौदा कॅरटचाच का रे मिळायचा?" तरी बसल्या पाटावर, आणि खूष होत्या.

बाळ येणार म्हटल्यापासून माझ्या मुलाच्या मनात तो समारंभ होता. नवी, बावीस कॅरटची फुले करावीत म्हणून तो सराफाकडेही जाऊन आला. पण २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा गाठला होता. ती फुले घडवली तेव्हा तोळ्याला शंभर-सव्वाशे पडत. परत आला तो म्हणाला, "आई, आपली जुनी फुलं कुठं आहेत गं?" कपाटातून कुंकवाचा चांदीचा करंडा काढला. कापसात सातही फुले होती. सगळी भोवती जमली आणि मुलाने मुलींना रीत समजावून सांगितली.

थोरलीने सगळे ऐकून घेतले. ती ऐकताना डोळे बारीक करते, तसे केले आणि मला विचारले, "पणजी, बाळ झाला म्हणून तू आता स्वर्गात जाणार?"

"असं म्हणतात बाई."

"मग मी झाले तेव्हा कुठं गेलीस?"

सगळे हसले. मीही हसले. नातीने तिला दटावले, "असं विचारतात का?" पण ती काही चेष्टा करीत नव्हती. तिला उत्तर हवे होते. 'हे' म्हणाले, "फुलं पणतवालाच उधळतात. शास्त्र आहे." मी विचारले, "कुठल्या पोथीत?" तर यांनी यंत्र काढून पुसायला घेतले. मुलाने गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, याला मंत्र नाही, तंत्र नाही, घराघरांतली रीत आहे. तुम्ही पाळाल तशी.

लेक ओट्याशी ताटे पुसत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते देण्यासारखे नव्हते. २०१६ साली थोरली झाली तेव्हा करंडा याच कपाटात होता. माझ्या मनात एकदा आले होते. मग मी म्हटले, मुलीच्या मुलीची मुलगी. तिच्या घरचे करतील काय करायचे ते. २०२० साली धाकटी झाली तेव्हा करोनामुळे कोणी कुठे जाऊच शकत नव्हते. तिचे तोंड मी फोनच्या काचेवर पाहिले. तेव्हा सबब आयतीच मिळाली. आणि ही सबब सांगणारी मी कोण? १९६० साली माझ्या लेकीच्या बारशाला आजेसासूबाईंवर फुले उधळायचे कोणाच्या मनातही आले नाही, म्हणून एकोणीस-वीस वर्षांची मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. आजेसासूबाईंचे तिच्यावर प्रेम नव्हते असे नाही. पुराच्या रात्रीची गोष्ट सांगितलीच. प्रेम होते. फुले नव्हती.

दुपारी घर निजले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. लेक एकटीच कुरडयांचे तुकडे डब्यात भरत होती. मी म्हटले, "पोर बोलली ते तुला लागलं का गं?"

"मला कशाला लागेल? ती बरोबरच बोलली."

थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "मला तो दिवस आठवतो, आई. दादाच्या फुलांचा." (धाकट्या भावाला ती दादाच म्हणते.)

"तू तीन वर्षांची होतीस. काय आठवणार?"

"हिरव्या रंगाचा पाट होता. मी नेहमीसारखी पणजीच्या मांडीवर जाऊन बसले, तर मला उचलून बाजूला केलं. 'तू नाही, तू नंतर,' असं म्हणून."

"कोणी उचललं?" मी विचारले. सासूबाई असतील, नणंद असेल, असे माझ्या मनात.

"तूच की," ती म्हणाली आणि डब्याचे झाकण लावले.

वाचकहो, मला ते मुळीच आठवत नाही. पाटाचा रंग हिरवा होता हे मात्र खरे आहे.

रात्री जेवणे झाल्यावर मी सगळ्यांना सांगितले की फुले उधळायची तर तिघांचीही, नाहीतर करंडा पुन्हा कपाटात. मुलगा लगेच म्हणाला, "अगं, मग करू की तिघांचं, त्यात काय?" त्याला त्यात काहीच नव्हते, त्याच्या वेळची फुले त्याला मिळाली होती. नातसूनबाईंनी उलट विचारले, "तिघांची वेगळी वेगळी का आजी, एकदमच का नाही?" थोरलीने हिशेब केला, सात फुलांची तिघांत वाटणी होत नाही. शेवटी ठरले की सातही फुले तीनदा उधळायची, दर वेळी गोळा करून. आणि पहिली पाळी वयाच्या मानाने थोरलीची. यांना पाटीवर लिहून दाखवले. यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि खाली खडूने लिहिले, "जेवायला काय?" म्हणजे संमती.

रविवारी समारंभ झाला. आता पाटावर बसणे आम्हा दोघांच्या गुडघ्यांना झेपणारे नाही, म्हणून दोन खुर्च्या, आणि रीत म्हणून पायांखाली पाट. मी ठेवणीतली पैठणी नेसले. उकाड्याने जीव जात होता. फुले कोणी उधळायची यावरून सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. तो मान त्यांचाच. पण त्यांनीच करंडा उचलून माझ्या लेकीच्या हातात दिला आणि "तुम्ही करा, वन्सं," म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितले नव्हते. तीस-पस्तीस वर्षे एका स्वयंपाकघरात वावरलेल्या बायकांना सगळेच सांगावे लागत नाही.

थोरली माझ्या मांडीवर बसली. नऊ वर्षांचे ओझे पंच्याऐंशीच्या मांडीला काही हलके नाही, पण मी हूं की चूं केले नाही. ती अगदी ताठ बसली होती. फोटोत बसतात तशी. लेकीने ओंजळ वर केली, आणि ती ओंजळ वरच राहिली. माझ्याकडे पाहते आहे, पोरीकडे पाहते आहे, हात काही उघडत नाहीत. "आजी, टाक ना," थोरली म्हणाली, तेव्हा फुले पडली. एक माझ्या चष्म्यावर अडकले. मग पोरांनी जमिनीवर रांगून ती गोळा केली, धाकटी बसली, पुन्हा फुले. "आता कितव्यांदा?" असे 'हे' मोठ्याने विचारीत होते. तिसऱ्यांदा बाळ. त्याने पणजोबांच्या कानातले यंत्र ओढून काढले आणि सरळ तोंडात घातले. ते काढायच्या गडबडीत, बाळाला घाम येतो म्हणून कोणीतरी वरचा पंखा लावला. फुले म्हणजे नुसता पातळ पत्रा. ती घरभर उडाली.

सहा सापडली. सातवे नाही. पलंग सरकवला, गालिचा झटकला, आंब्यांच्या पेटीतले गवत उपसले. नातवाने मोबाइलचा दिवा लावून कपाटाखाली आडवे पडून पाहिले. नाहीच. "एका फुलाचा स्वर्ग कमी पडला," असे हे म्हणाले, तर थोरली म्हणाली, "पणजोबा, तुम्हाला तीनदा मिळाला आहे." मग सगळी जेवायला बसलो.

त्यानंतर फार दिवस उरले नव्हते. त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस सुरू झाला. एरवी १ जूनच्या सुमारास केरळात येणारा मान्सून २०२५ साली २४ मे रोजीच आला आणि २६ मे रोजी मुंबईत, म्हणजे नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. गच्चीवरचा दुसरा घाणा भिजून त्याची खीर झाली. चिकवड्यांची तीच गत. बंगळूरची मंडळी भर पावसात स्टेशनवर गेली. म्युनिकची त्यानंतर चार दिवसांनी. गाद्या गुंडाळून माळ्यावर गेल्या आणि आम्ही चौघे पुन्हा दुपारी एक ते चार झोपू लागलो. पाटीवरचा बदाम मात्र यांनी पुसू दिला नाही, अजून आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी नातीचा फोन आला. आवाज पडलेला. धाकटीच्या रंगीत पेन्सिलींच्या डब्यात, तळाशी, कागदात गुंडाळलेले फूल सापडले होते. "आजी, मला इतकी लाज वाटतेय. तिला विचारलं तर म्हणते, पणजीनं माझ्यावर टाकलेलं आहे, माझंच आहे. मी पाठवून देते." मी म्हटले, अजिबात पाठवू नकोस, तिचे म्हणणे बरोबर आहे. हे बोलणे थोरली बाजूलाच ऐकत होती, हे फोनमधून लगेच कळले. "मग माझं कुठं आहे?"

तर आता तिचे पाठवायचे आहे. सोन्याची वस्तू टपालाने धाडायला यांचा विरोध आहे. सबंध नोकरी पोस्टात झाल्यामुळे त्यांना आतले सगळे माहीत, असे ते म्हणतात. पण माझी लेक यंदा दिवाळीला बंगळूरला जाणार आहे. काल ती फराळाचे डबे न्यायला आली. चकल्या, कडबोळी, अनारसे बांधून झाले, तेव्हा मी करंडा काढला आणि कापसासकट दोन फुले तिच्या हातावर ठेवली.

"दोन कशाला? एकच तर न्यायचं आहे."

"एक थोरलीला दे," मी म्हटले. "दुसरं तुझ्याजवळ ठेव."

ती काही बोलली नाही. पर्समधून रुमाल काढला, एक फूल एका कोपऱ्यात बांधले, दुसरे दुसऱ्या कोपऱ्यात. गाठी दोनदा ओढून पाहिल्या. मग एक चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "आई, भाजणी यंदा कुठून आणलीस? जरा तिखट कमी झालंय."